'अस्मेनोस' : आनंदाने की राजीखुशीने?

प्रश्न : आमच्या बायबल वर्गात 'प्रेषितांची कृत्ये' 21:17 वरून वाद झाला. पौल यरुशलेमेत पोहोचला तेव्हा बंधुजनांनी त्याचं 'आनंदाने' स्वागत केलं, असं आम्ही वाचतो. एक काका म्हणाले, मूळ ग्रीक शब्द 'अस्मेनोस', म्हणजे 'राजीखुशीने'. खरं काय? (एक वाचक, वसई)

उत्तर : दोन्ही. नुसत्या आनंदाला ग्रीकमध्ये 'खारा' आहे, स्वेच्छेने करण्याला 'हेकुसिओस'. 'अस्मेनोस'मध्ये मन खूश असतं आणि आढेवेढेही नसतात. काकांचा शब्द अर्थाने बसतो, पण मला त्याला स्टॅम्पपेपरचा वास येतो. मी तिथे 'अगत्याने' म्हणेन.

कारण प्रसंगच तसा आहे. अगब संदेष्ट्याने कैसरियात पौलाच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून दाखवलं होतं : यरुशलेमेत याला असं बांधतील. शहरात कंड्या पिकल्या होत्या, की हा परदेशातल्या यहुद्यांना मोशेचं नियमशास्त्र सोडायला शिकवतो. अशा पाहुण्याला घरात घेणं म्हणजे विकतचं दुखणं. तरी कुप्रातल्या म्नासोनाकडे त्याची उतरण्याची सोय होते आणि बंधुजन त्याला 'अस्मेनोस' भेटतात. काही दिवसांतच मंदिरात दंगल होऊन पौलाला अटक झाली.

ज्या विशेषणावरून हे क्रियाविशेषण आलं, ते होमरच्या 'ओडिसी'त भेटतं. मरणातून सुटलेले खलाशी पुढे निघतात. जीव वाचला म्हणून हायसं वाटतंय, सोबती गेले म्हणून काळीज जड आहे. अनेक भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचं मूळ 'सुखरूप परतणे' या अर्थाच्या धातूत शोधतात. मला ते पटतं.

मात्र हा शब्द नेहमी सज्जनांच्याच वाट्याला येतो असं नाही. तुमच्या कॅथलिक बायबलात मक्काबींचा दुसरा ग्रंथ असेल. त्यात 4:12 ला यहुद्यांचाच महायाजक यासोन, स्वतःची रीत सोडून ग्रीकांची उचलायला निघालेला, यरुशलेमेत, थेट गढीच्या पायथ्याशी, ग्रीक व्यायामशाळा बांधतो, तीही 'अस्मेनोस'. तिथे मी 'हौसेने' लिहीन.

वर्गात कुणी कृत्ये 2:41 (लोक पेत्राचं वचन स्वीकारतात ते) काढलं तर एवढं सांगा : जुन्या छापील ग्रीक पाठात तिथेही हा शब्द आहे, म्हणून 1611 च्या किंग जेम्स भाषांतरातही तो उतरला. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत तो नाही. 21:17 मध्ये मात्र तो पक्का आहे.