‘कबूल करून टाक, वर्षभरात केस जाते’ म्हणणाऱ्यांना आधी थांबवा

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत एम.एस. करतोय, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. गेल्या महिन्यात एका मोठ्या दुकानात सेल्फ-चेकआउटवर काही वस्तू स्कॅन न करताच तो बाहेर पडला. दुकानाच्या माणसांनी अडवलं, आतल्या खोलीत नेऊन कागदांवर सह्या घेतल्या, मग पोलीस आले. स्कॅन न झालेला माल ८७ डॉलरचा. बोटांचे ठसे घेऊन, हातात समन्स देऊन त्याला सोडलं. पुढच्या महिन्यात तारीख आहे. मित्र म्हणतात, पहिलीच वेळ आहे, कबूल करून टाक, वर्षभर नीट वाग, केस आपोआप जाते. माझे भाऊ म्हणतात, दुकानाला पैसे देऊन मिटवा. मुलगा म्हणतो, ‘विसरलो’, त्यापुढे काही बोलत नाही. डिसेंबरात धाकटीचं लग्न आहे. त्यानं यावं का? की सगळं सोडून कायमचंच परत यावं?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, पुढच्या तारखेला तुमच्या मुलानं उभं राहून ‘गिल्टी’ हा शब्द उच्चारू नये. वकील सोबत असल्याशिवाय तर नाहीच, आणि त्या वकिलाला इमिग्रेशनचं कळत नसेल तर वकील असूनही नाही. आज रात्री त्याला फोन करून एवढंच सांगितलंत तरी या पत्राचं निम्मं काम झालं.

आता जरा धीरानं वाचा. अमेरिकेत फौजदारी कायदा एक नाही. केंद्राचा वेगळा, पन्नास राज्यांचे पन्नास वेगळे. तुमच्या मुलाची केस न्यू जर्सीच्या कायद्याखाली आहे, त्यामुळे टेक्सासमधल्या कुणाच्या भाच्याचं काय झालं याचा इथे उपयोग नाही. न्यू जर्सीत दुकानातल्या चोरीची पायरी मालाच्या किमतीवर ठरते. २०० डॉलरच्या आत असेल तर तो सर्वांत खालच्या पायरीचा गुन्हा. त्याला ‘डिसऑर्डरली पर्सन्स ऑफेन्स’ म्हणतात. जास्तीत जास्त सहा महिने कैद आणि एक हजार डॉलर दंड. २०० च्या वर गेलं की प्रकरण काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सुपीरियर कोर्टात जातं आणि शिक्षेची कमाल मर्यादा अठरा महिन्यांवर पोचते. हे मी उगाच सांगत नाही. ८७ हा आकडा कुणी, कशावरून काढला हे वकिलानं पावती आणि वस्तूंची यादी घेऊन तपासायला हवं, कारण ती २०० ची रेघ इमिग्रेशनच्या हिशेबातही मोठी आहे. त्याकडे येतोच.

केस चालेल ती गावच्या म्युनिसिपल कोर्टात. तिथे ज्युरी नाही, सिनेमातल्यासारखी भाषणं नाहीत. एक न्यायाधीश, नगरपालिकेनं नेमलेला प्रॉसिक्युटर म्हणजे सरकारी वकील, आणि ट्रॅफिकच्या पावत्यांसाठी आलेली माणसं. पहिल्या वेळेला, इतक्या किमतीसाठी, प्रत्यक्ष तुरुंगात जायची वेळ सहसा येत नाही. शिवाय वॉरंटवर न धरता समन्स देऊन सोडलं, म्हणजे पोलिसांनीही प्रकरण किरकोळ धरलं आहे. जामिनाची चिंता करू नका, जामीन भरायची वेळच आलेली नाही. २०१७ पासून या राज्यात पैसे भरून जामीन घेण्याची पद्धत जवळजवळ संपलीच आहे.

भावांचा सल्ला भारतातल्या अनुभवातून आलाय, आणि भारतात तो अगदीच चुकीचा नाही. आपल्याकडे साध्या चोरीत ज्याचा माल गेला त्याला तडजोड करता येते. भारतीय न्याय संहितेत तर पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या पहिल्या चोरीला, माल परत केला तर, समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. इथे मात्र केसचं नावच ‘स्टेट ऑफ न्यू जर्सी विरुद्ध’ तुमचा मुलगा असं आहे. दुकान फक्त साक्षीदार. केस पुढे न्यायची की सोडायची हे प्रॉसिक्युटर ठरवतो, दुकानाचा मॅनेजर नाही. उलट मॅनेजरला परस्पर भेटून पैसे देऊ केले, तर साक्षीदारावर दबाव आणल्याचा नवा आरोप अंगावर यायचा. काही दिवसांनी दुकानाच्या वकिलांचं एक पत्र येईल, ‘इतके डॉलर भरा’ म्हणून. तो दिवाणी मागणीचा भाग आहे. ते पैसे भरल्यानं फौजदारी केस एक इंचही हलत नाही. घाबरून लगेच भरू नका, पत्र वकिलाकडे द्या.

आता मित्रांचा सल्ला. खरा धोका इथेच आहे, कारण तो सल्ला ऐंशी टक्के बरोबर आहे.

न्यू जर्सीच्या म्युनिसिपल कोर्टात ‘कंडिशनल डिसमिसल’ नावाची सवलत आहे. पहिल्यांदाच गुन्हा घडलेल्या माणसाला एक वर्ष देखरेखीखाली ठेवतात, त्यानं अटी पाळल्या की केस फेटाळली जाते. अमेरिकन नागरिक असलेल्या मुलाला मीही पुष्कळदा हेच सुचवीन. पण त्या सवलतीत शिरायचा दरवाजा कोणता? आधी गुन्हा कबूल करायचा, किंवा कोर्टानं दोषी ठरवायचं, आणि मग वर्ष सुरू. राज्याच्या दृष्टीनं शेवटी दोषसिद्धी राहत नाही. केंद्राचा इमिग्रेशन कायदा मात्र स्वतःची व्याख्या वापरतो, आणि ती १९९६ पासून फार कडक आहे : माणसानं गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशानं त्याच्यावर काही शिक्षा, दंड किंवा बंधन घातलं, की ती दोषसिद्धी. पुढे केस फेटाळली, नोंद पुसली, तरी इमिग्रेशनपुरती ती तशीच उभी राहते. वर्षभराची देखरेख हे बंधनच आहे. म्हणजे तुमचा मुलगा ज्या दिवशी ‘केस जाणार’ म्हणून आनंदानं कबुली देईल, त्याच दिवशी केंद्राच्या वहीत तो चोरीसाठी दोषी ठरेल. (विचित्र भाग असा की वरच्या पायरीच्या गुन्ह्यांसाठी सुपीरियर कोर्टात जी ‘प्रीट्रायल इंटरव्हेन्शन’ची सवलत आहे, तिथे बहुतेक वेळा कबुली मागत नाहीत. मोठ्या गुन्ह्याला सोयीचा रस्ता आणि छोट्याला अडचणीचा! कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे परदेशी विद्यार्थी नव्हता, एवढंच म्हणता येतं.)

चोरी हा इमिग्रेशन कायद्यात ‘नैतिक अधःपतना’चा गुन्हा धरतात. अमेरिकेत प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत घडलेल्या अशा गुन्ह्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा होऊ शकत असेल, तर हद्दपारीची कारवाई करता येते. प्रत्यक्ष किती झाली याला महत्त्व नाही, होऊ किती शकत होती हे बघतात. म्हणून ती २०० डॉलरची रेघ. ८७ डॉलरच्या गुन्ह्याची कमाल मर्यादा सहा महिने, त्यामुळे एकटा हा गुन्हा त्या कलमात बसत नाही. पुन्हा व्हिसा घेताना किंवा प्रवेश करताना किरकोळ गुन्ह्याची एक सूटही आहे. पण ती असा एकच गुन्हा असलेल्याला मिळते. आज कबुली देऊन ती खर्च केली आणि पुढे कधी तसंच काही घडलं, तर पाठीशी काही उरत नाही. आणि सूट मिळाली तरी व्हिसा देणं शेवटी वकिलातीतल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

हे सगळं वकिलानं सांगायला हवं, आणि ते सांगणं त्याचं कर्तव्य आहे. होंडुरासमध्ये जन्मलेला होझे पादिया नावाचा ट्रकचालक चाळीस वर्षं अमेरिकेत कायदेशीर राहिलेला, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या बाजूनं गेलेला. केंटकीत त्याच्या ट्रकमध्ये गांजा सापडला. वकिलानं सांगितलं, इतकी वर्षं इथे आहेस, काळजी करू नको. त्यानं गुन्हा कबूल केला आणि हद्दपारीची तलवार डोक्यावर आली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘पादिया विरुद्ध केंटकी’ निकालात म्हटलं की कबुलीचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे सांगणं हा वकील मिळण्याच्या हक्काचाच भाग आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं आदल्याच वर्षी त्याच दिशेचा निकाल दिला होता. तेव्हा तुमच्या मुलानं वकिलाला पहिल्या भेटीत स्पष्ट विचारावं : मी एफ-१ वर आहे, माझ्या स्टेटसवर, व्हिसावर आणि पुढच्या ग्रीन कार्डवर याचा काय परिणाम, लेखी द्याल का? जो वकील ‘ते इमिग्रेशनवाल्याला विचारा’ म्हणून हात झटकेल, त्याला सोडा. खासगी वकील परवडत नसेल तर कोर्टात पब्लिक डिफेंडरसाठी, म्हणजे सरकारनं द्यायच्या बचावाच्या वकिलासाठी, अर्ज करता येतो. नागरिक नसल्यानं तो हक्क जात नाही. पण इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही, म्हणून जे करायचं ते इथेच, आधी.

मग करायचं काय? ‘विसरलो’ हा बचाव ऐकायला लंगडा वाटतो, पण कायद्यात त्याला जागा आहे. दुकानातल्या चोरीत हेतू सिद्ध करावा लागतो, आणि तो सरकारनं, वाजवी संशयापलीकडे. त्यासाठी पहिली गोष्ट व्हिडिओ. दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण काही काळानं पुसलं जातं. वकिलानं आजच पत्र पाठवून ते राखून ठेवायला सांगावं, पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचंही मागावं. दहा वस्तूंपैकी आठ स्कॅन केल्या, दोन राहिल्या, फोन वाजत होता, असं दिसलं तर एक गोष्ट. महाग वस्तूवर स्वस्त वस्तूचा बारकोड धरला, असं दिसलं तर दुसरी. व्हिडिओनंतर त्या सह्या. एक कागद बहुधा ‘या दुकानात पुन्हा येणार नाही’ असा असेल, तो पाळायचाच. दुसरा कबुलीजबाब असू शकतो. ‘पोलिसांनी हक्क वाचून दाखवले नाहीत, म्हणजे केस उडाली’ असं कुणी सांगेल. हक्क वाचून दाखवण्याचा हा ‘मिरांडा’ नियम पोलिसांच्या ताब्यातल्या चौकशीला लागू आहे, दुकानाच्या रखवालदाराला नाही. तिथे जे लिहून दिलं ते पुराव्यात येऊ शकतं.

हे हातात घेऊन वकील प्रॉसिक्युटरशी बोलतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंच नमूद केलं आहे की केंद्रातल्या ९७ आणि राज्यांतल्या ९४ टक्के दोषसिद्धी कबुलीतून येतात. म्हणजे खटल्यापेक्षा वाटाघाटीलाच इथे खरं वजन. मागायचं ते केस बिनशर्त मागे घेणं. ते नाही मिळालं तर आरोप बदलून नगरपालिकेच्या एखाद्या नियमाच्या भंगावर आणणं, ज्यात चोरीचा किंवा फसवणुकीचा शब्द नाही. तो बदललेला मजकूर इमिग्रेशन वकिलानं वाचल्याशिवाय मान्य करू नये. आणि निकालानंतर, नोंद पुसण्याआधी, कोर्टाच्या शिक्क्याच्या प्रमाणित प्रती पाच-सहा काढून ठेवाव्यात. पुढची अनेक वर्षं त्या लागतील.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी. घरातल्या ग्रुपवर या विषयावर एक अक्षर लिहू नका, त्यालाही लिहू देऊ नका. ‘आई, चुकलो, घेतलं मी’ असा मेसेज मराठीत असला तरी पुरावाच असतो, आणि आई-मुलातलं बोलणं सहसा कायद्यानं गोपनीय नाही. गोपनीय आहे ते वकील आणि अशील यांच्यातलं. तिथेही मामा, काका, तुम्ही सगळे व्हिडिओ कॉलवर बसलात तर ती गोपनीयता धोक्यात येते. मुलगा सज्ञान आहे, अशील तो आहे, फी तुम्ही भरत असलात तरी. वकिलाशी त्याला एकट्याला बोलू द्या. तुमच्याशी तो बोलत नाहीये ते शरमेनं असेल, पण सध्या तेच त्याच्या पथ्यावर पडतंय. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसलाही वकिलाला विचारूनच सांगावं. तिथली माणसं भली असतात, पण ती त्याची वकील नव्हेत. वर्ग मात्र एकही चुकवू नये. अशा ताणात मुलं विषय सोडतात, आणि व्हिसा जातो तो चोरीमुळे नव्हे, पटसंख्येतून नाव गेल्यामुळे.

२०२५ च्या जानेवारीतला लेकन रायली कायदा तुमच्या कानावर आला असेल, चोरीच्या नुसत्या आरोपावर डांबून ठेवणारा. तो मुख्यतः परवानगीशिवाय किंवा फसवणुकीनं देशात आलेल्यांसाठी आहे. रीतसर व्हिसावर येऊन शिकत असलेला मुलगा त्या वर्णनात बसत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मात्र किरकोळ अटकेच्या, अगदी फेटाळलेल्या केसच्या नोंदींवरूनही हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधल्या (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतल्या) नोंदी बंद केल्या गेल्या. ठिकठिकाणी कोर्टात दावे झाल्यावर महिनाअखेरीस सरकारनं त्या पूर्ववत केल्या. म्हणून त्यानं विद्यापीठाची आणि व्हिसाच्या अर्जात दिलेली ईमेल रोज बघावी.

आता लग्न. डिसेंबरात त्यानं येऊ नये. नुसत्या अटकेवरूनही परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. तो अमेरिकेत असताना रद्द झाला तर तेवढ्यानं शिक्षण लगेच थांबतंच असं नाही, पण बाहेर पडला की परतायला नवा व्हिसा लागतो. त्या अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ असा प्रश्न असतो, केस सुटली असली तरी उत्तर ‘हो’च द्यावं लागतं. खोटं लिहिलं तर मूळ चोरीपेक्षा मोठा गुन्हा होतो, आणि त्याची बंदी कायमची असते. केस चालू असताना मुंबईच्या वकिलातीत जाऊन व्हिसा मिळेल या भरवशावर तिकीट काढू नका. तारीख चुकवून कायमचं परत यायचा विचार तर सोडूनच द्या : गैरहजेरीबद्दल वॉरंट निघेल, ते वर्षानुवर्षं तसंच राहील, आणि उद्या कंपनीनं त्याला दोन आठवड्यांच्या कामासाठी पाठवायचं ठरवलं तरी समोर येईल. केस निकाली निघाल्यावर, प्रमाणित प्रती हातात घेऊन, इमिग्रेशन वकिलानं हिरवा कंदील दाखवला की मग त्याला बोलवा. लग्नाला कुणी विचारलंच तर परीक्षा आहे म्हणून सांगा. डिसेंबरात ती असतेच.