लेकीची जोडी मोडली, आता पुढं काय?

प्रश्न : आम्ही सांगलीला राहतो. मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला आहे. सहा वर्षं बॅडमिंटन खेळते. एकेरीत जिल्ह्याच्या पुढं यश नाही, पण गेल्या वर्षी सतरा वर्षांखालील राज्य स्पर्धेत तिच्या जोडीनं उपांत्य फेरी गाठली. सर म्हणतात, एकेरी सोडा, हिला दुहेरीतच घडवू. हिच्या बाबांचं म्हणणं, एकेरीत जमत नाही म्हणून दुहेरी, त्यात कसलं करिअर? त्यातच तिची जोडीदार, कोल्हापूरची मैत्रीण, नीटच्या तयारीसाठी खेळ थांबवते आहे. तिच्यामुळे माझ्या मुलीचं नुकसान झालं असं वाटून फार राग येतो. पुढच्या महिन्यातल्या राज्य स्पर्धेची एन्ट्रीही मागं घ्यावी म्हणतो. मुलीला हैदराबादच्या अकादमीत पाठवावं का? बारावीचं काय करायचं? आणि यावर खरंच पोट भरतं का?
– एक आई

उत्तर : ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं बाबांच्या शंकेवर अवलंबून आहेत, म्हणून आधी त्या शंकेबद्दल. ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटनची पाच सुवर्णपदकं असतात. त्यातली तीन दुहेरीची : पुरुष, महिला आणि मिश्र. देशांच्या संघांमध्ये होणाऱ्या थॉमस (पुरुष) आणि उबर (महिला) करंडकाच्या लढतीत पाचांपैकी दोन सामने दुहेरीचे, मिश्र संघांच्या सुदीरमन करंडकात पाचांपैकी तीन. २०२२ साली बँकॉकला भारतानं पहिल्यांदा थॉमस करंडक जिंकला. अंतिम लढतीत लक्ष्य सेननं पहिला सामना काढला खरा, पण दुसऱ्या सामन्यात सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी पहिला गेम हरले होते आणि दुसऱ्यात इंडोनेशियाच्या जोडीला मॅच पॉइंट मिळाले होते. ते वाचवून आपल्या पोरांनी सामना फिरवला. तो सामना गेला असता तर त्या दिवसाचं काय झालं असतं, हे बाबांना एकदा शांतपणे विचारा. आणि सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली परदेशात आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, ते एकेरीत. पण राष्ट्रीय विजेतेपदं त्यांनी दुहेरी आणि मिश्र दुहेरीचीही मिळवली होती. त्या पिढीला दुहेरी खालच्या पायरीची वाटत नव्हती.

एक मात्र मान्य करते. आपल्याकडे बरीच वर्षं एकेरीत मागं पडलेल्यांनाच दुहेरीत ढकललं गेलं, त्यामुळे बाबांचा समज आभाळातून पडलेला नाही. सरांना तुम्ही हाच प्रश्न सरळ विचारा : हिच्यात दुहेरीचं काय दिसलं? त्यांनी ‘एकेरीत स्टॅमिना कमी पडतो’ एवढंच सांगितलं तर घाई करू नका. ‘हिची सर्व्हिस खाली राहते, सर्व्हिसनंतरचा पुढचा फटका ही आधीच ओळखते, जोडीदार चुकली तरी हिचा चेहरा बदलत नाही’ असं काही सांगितलं, तर त्यांनी लेकीला नीट पाहिलं आहे असं समजा.

हे मी उगीच म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलीच्या पालकांना सल्ला देण्याआधी मी पहाटे साडेपाचला पुण्यातल्या एका हॉलवर जाऊन बसले होते. कोचनी नेटच्या दोन्ही खांबांना, पट्टीच्या वर वीतभर अंतरावर, सुतळी ताणून बांधली होती. मुलगी सर्व्हिस लाइनशी उभी, शेजारी पिसं तुटलेल्या जुन्या शटलांनी भरलेली बादली. शटल पट्टी आणि सुतळीच्या मधूनच जायला हवं. दीडशे सर्व्हिस झाल्या. पलीकडे तिची जोडीदार रॅकेट वर धरून उभी होती आणि सुतळीला लागलेली शटलं मोजत होती. शटल सुतळीला लागलं की ही मुलगी तिच्याकडे बघायची आणि ती फक्त आकडा म्हणायची, “अकरा.” “बारा.” आवाजात ना वैताग, ना समजूत. तासाभरानं दोघींनी जागा बदलल्या.

त्या वीतभर जागेचं महत्त्व मला कोचनी नंतर समजावलं. दुहेरीत सर्व्हिसची मागची रेषा एकेरीपेक्षा ७६ सेंटिमीटर आत असते. त्यामुळे उंच सर्व्हिस करून समोरच्याला मागं ढकलायला जागाच कमी मिळते, आणि समोरची खेळाडू अगदी पुढच्या रेषेला खेटून, रॅकेट वर करून उभी राहू शकते. सर्व्हिस चार बोटं वर आली की ती शटल खाली ठोकणार. शटल सर्व्हिसच्या वेळी जमिनीपासून १.१५ मीटरच्या खालीच मारावं लागतं, म्हणजे तिकडूनही बंधन. एकेरीत सर्व्हिसनं रॅली नुसती सुरू होते, दुहेरीत तिथंच पॉइंट जातो किंवा येतो. महिला दुहेरीत आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे चिकाटी. रॅली लांबतात, समोरून स्मॅशवर स्मॅश येत राहतात आणि दोघींनी शेजारी शेजारी उभं राहून ते परतवत राहायचं असतं. तुमच्या लेकीला हे आवडतं का? पत्रात सर काय म्हणतात, बाबा काय म्हणतात, तुम्हाला काय वाटतं हे सगळं आहे. तिला काय वाटतं ते नाही. ते तिलाच लिहू द्या, मला वेगळं पत्र आलं तरी चालेल.

आता मैत्रिणीचं. तुमचा राग मला समजतो. सहा वर्षं डबे भरले, पहाटे उठलात, आणि भलत्याच घरातल्या निर्णयानं सगळं हललं. पण या खेळातलं सगळ्यात अवघड सत्य हेच आहे. जागतिक क्रमवारीचे गुण जोडीचे असतात. वर्षभरातल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांवर क्रमवारी ठरते, आणि जोडी मोडली की नव्या जोडीला पुन्हा खालून गुण जमवावे लागतात. एकीचा घोटा मुरगळला तरी दोघी घरी बसतात. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर सात्त्विकचा खांदा दुखावला तेव्हा चिरागलाही स्पर्धा सोडाव्या लागल्या, तो स्वतः धडधाकट असूनही.

म्हणून जोडीदार बदलणं ही आपत्ती धरून बसलं तर या खेळात टिकताच येत नाही. अश्विनी पोनप्पाचं बघा. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुलचं सुवर्ण आणि २०११ साली लंडनला जागतिक स्पर्धेचं कांस्य तिनं ज्वाला गुट्टाबरोबर मिळवलं. पुढं सिक्की रेड्डीबरोबर खेळली. पॅरिस ऑलिम्पिकला ती चौतिसाव्या वर्षी उतरली, ती मूळच्या गोव्याच्या घरातल्या, दुबईत जन्मलेल्या तनिषा क्रास्टोबरोबर. तनिषा तिच्यापेक्षा कितीतरी लहान. इंडोनेशियाचा हेंद्रा सेतियावान २००८चं ऑलिम्पिक सुवर्ण मार्किस किडोबरोबर जिंकला, नंतर मोहम्मद अहसानबरोबर तीन वेळा जगज्जेता झाला. त्यातलं शेवटचं विजेतेपद २०१९ साली, बरोबर त्याच्या पस्तिसाव्या वाढदिवशी. हाही दुहेरीचा एक फायदा : शरीर साथ देतं तोवर अनुभव कामी येत राहतो, आणि कोर्टाचा अर्धा भार दुसऱ्यावर असतो.

सात्त्विक-चिरागची जोडीसुद्धा काही लहानपणची नाही. एक आंध्रातल्या अमलापुरमचा, दुसरा मुंबईचा, गोरेगावला उदय पवारांकडे शिकलेला. २०१६च्या सुमारास मलेशियन प्रशिक्षक तान किम हर यांनी दोघांना एकत्र आणलं तेव्हा दोघेही मागून स्मॅश ठोकणारे होते. नेटजवळचा खेळ त्यांना नव्यानं शिकावा लागला, एकमेकांची भाषा येत नसताना. टोकियो ऑलिम्पिकला तर गटातले तीनपैकी दोन सामने जिंकूनही बाहेर पडले, तेही पुढं सुवर्णपदक जिंकलेल्या तैवानच्या जोडीला हरवून. २०२३ साली आशियाई सुवर्ण आणि जगात पहिला क्रमांक आला, तोवर सात वर्षं गेली होती. तेव्हा लेकीला ‘तशीच मैत्रीण’ शोधू नका. सरांना सांगा, राज्यातल्या तिच्या वयोगटातल्या दोन-तीन मुलींबरोबर तिला सहा महिने खेळवून बघा. एकीबरोबर पुढं खेळेल, दुसरीबरोबर मागं. जिला दोन्ही जागा येतात तिला जोडीदार मिळायला अडचण पडत नाही. मिश्र दुहेरीही खेळू द्या. तिथं मुलीला नेट सांभाळायला शिकावंच लागतं.

पोटाचा प्रश्न. गुळमुळीत बोलत नाही : फक्त बक्षिसांवर घर चालवणाऱ्या दुहेरीच्या खेळाडू भारतात बोटावर मोजण्याइतक्या. वर्ल्ड टूरच्या वरच्या स्पर्धांत एकूण बक्षिसातले ७ टक्के एकेरीच्या विजेतीला मिळतात आणि ७.४ टक्के दुहेरीच्या विजेत्या जोडीला. म्हणजे प्रत्येकीच्या हाती ३.७. तिथवर पोचेपर्यंतचा खर्च मात्र एकेरीएवढाच. शटलचे डबे, रॅकेटचं गटिंग (जाळी ताणून घेणं), बूट, हॉलचं भाडं, कोचची फी, रेल्वेची तिकिटं, पुढं परदेशातल्या छोट्या स्पर्धांची विमानं, आणि हे बहुतेक घरचंच. एक वही करा आणि गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष किती गेले ते लिहून काढा. अंदाजानं नको, पावत्या बघून. मग घर न हलवता असं आणखी किती वर्षं चालवता येईल ते तुम्ही दोघांनी ठरवा आणि लेकीलाही तो आकडा सांगा. सोळा वर्षांच्या मुलीला तो कळतो.

स्थिर उत्पन्न येतं ते नोकरीतून. रेल्वे, तेल कंपन्या, विमानतळ प्राधिकरण खेळाडूंना घेतात, जागा थोड्या असतात आणि राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी बघतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. कुठल्या स्पर्धेतलं कितवं स्थान चालतं याचे निकष ठरलेले आहेत आणि प्रमाणपत्रं विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावी लागतात. म्हणून गेल्या वर्षीच्या उपांत्य फेरीपासूनचा प्रत्येक कागद आजच एका फाइलमध्ये लावा, ड्रॉच्या, म्हणजे कोण कुणाशी खेळलं त्या तक्त्याच्या, छापील प्रतीसकट. हे काम पुढं करू म्हणणारे पालक मी नंतर फार हळहळताना पाहिलेत. आणि एक वाट लोक विसरतात : दुहेरी खऱ्या अर्थानं शिकवू शकणारे कोच आपल्याकडे कमी आहेत. जिनं ती रक्तात भिनवून घेतली आहे, तिला खेळून झाल्यावरही काम आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोच घडवणारा अभ्यासक्रम त्यासाठी डोळ्यांसमोर असू द्या.

हैदराबाद आत्ता नको. अकादमीचं नाव मोठं असलं तरी तिथं दुहेरीसाठी वेगळा कोच आहे का, हिच्या वयाच्या मुलींच्या किती जोड्या सराव करतात, जोडीदार कोण ठरवतं आणि न जमल्यास बदलून मिळते का, हे कळल्याशिवाय वर्षाची फी भरू नका. मोठ्या हॉलमध्ये कडेच्या कोर्टवर राहून दुसऱ्यांना सराव देणारी मुलगी होण्यापेक्षा सांगलीत रोज दोन तास नीट बघणारे सर बरे. मे महिन्यात तिथं आठवडाभर राहून या, सकाळचं सत्र कडेला बसून बघा. १९ वर्षांखालील गटात नव्या जोडीदाराबरोबर राज्याचं पदक आणि राष्ट्रीय स्पर्धेत एक-दोन फेऱ्या निघाल्या, तर त्या वेळी हैदराबाद, बंगळूर किंवा पुणे-मुंबई यांचा विचार करायला मी स्वतः तुमच्याबरोबर बसेन. दोन वर्षांत त्याच्या जवळपासही गेलो नाही, तर खेळ राहू दे, करिअर दुसरं.

बारावी सोडायची नाही. त्यावर माझं मत पक्कं आहे. सायन्सची प्रात्यक्षिकं आणि दोन वेळचा सराव मिळून ओढाताण होत असेल तर वाणिज्य किंवा कला शाखेत जाण्यात कमीपणा मानू नका. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचं झालं तरी तेच सोयीचं पडतं. फिजिओथेरपीची ओढ असेल तर मात्र बायॉलॉजी धरून ठेवा. आणि परीक्षेच्या क्रीडागुणांसाठी कॉलेजात आधीच चौकशी करा, शेवटच्या आठवड्यात धावपळ नको.

राहिली पुढच्या महिन्याची राज्य स्पर्धा. एन्ट्री मागं घेऊ नका. मैत्रीण नीटला बसणार आहे, कोल्हापूर सोडून कुठं गेलेली नाही. तिच्या आईला तुम्ही स्वतः फोन करा आणि एवढंच विचारा की या एका स्पर्धेसाठी शनिवार-रविवार दोघींना सरावाला एकत्र आणता येईल का. कोल्हापूरची एसटी सकाळी लवकर मिळते. पहिल्या शनिवारी तुम्हीही हॉलवर जा आणि जाताना जुनी शटलं आणि थोडी सुतळी बरोबर न्या.