कोविड होऊन पाच आठवडे झाले, बाबा ठणठणीत आहेत, तरी आरटीपीसीआर पॉझिटिव्हच येतोय. त्यांच्यापासून अजून संसर्ग होऊ शकतो का?

तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. बाबा ६८ वर्षांचे, ताप चौथ्या दिवशी उतरला, आता थोडा कोरडा खोकला सोडला तर काही नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी दवाखान्याने टेस्ट करायला लावली आणि ३३ सीटी व्हॅल्यू येऊन रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तेव्हापासून बहीण तान्ह्या बाळाला घेऊन घरी यायला तयार नाही आणि आईने बाबांचं ताट-वाटी वेगळं केलंय.

आधी सांगतो, मी डॉक्टर नाही. कोविडच्या काळात दोन वर्षं आरटीपीसीआरच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. हजारो स्वॅब हाताखालून गेले, त्यामुळे हे मशीन काय सांगतं आणि काय सांगत नाही एवढं नक्की ठाऊक आहे.

मशीन विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय साहित्याचे, तुकडे शोधतं. विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे त्याला कळत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीचा गुलाल चार दिवसांनीही केसांतून, कानामागून निघत राहतो, म्हणून मिरवणूक चालू आहे असं कोणी म्हणत नाही. सीटी म्हणजे तो तुकडा दिसेपर्यंत मशीनला किती फेऱ्या माराव्या लागल्या तो आकडा. दर फेरीला माल दुप्पट होतो, म्हणून आकडा जितका मोठा तितके मूळचे तुकडे कमी. म्हणजे आजाराच्या पहिल्या दिवसांत १८ सीटी असलेला नमुना आणि बाबांचा ३३ चा नमुना यांच्यात १५ फेऱ्यांचं, साधारण ३२ हजार पटींचं अंतर आहे. बाबांच्या नाकात उरलंय ते इतकं थोडं.

जिवंत विषाणू आहे का हे बघायचं तर नमुना पेशींमध्ये वाढवून बघावा लागतो. त्याला खास सुरक्षित लॅब लागते, आमच्यासारख्या लॅबचं ते काम नव्हे. पण हे काम जगात झालंय. २०२० च्या सुरुवातीला म्युनिकच्या नऊ रुग्णांचे नमुने असे वाढवून पाहिले. आठव्या दिवसानंतर एकाही नमुन्यातून विषाणू वाढला नाही, आणि त्यानंतरही आरएनए मात्र भरपूर सापडत होता. त्याच सुमारास वुहानच्या बऱ्या झालेल्या रुग्णांत आरएनए साधारण २० दिवस आणि एकात तर ३७ दिवस मिळाला होता, त्यामुळे सगळे घाबरले होते. मग दक्षिण कोरियाने बरे होऊन पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्या २८५ जणांचा आणि त्यांच्या संपर्कातल्या ७९० जणांचा माग काढला. या पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्यांकडूनच लागण झाली असं नक्की म्हणता येईल असा एकही माणूस त्यांना सापडला नाही, आणि १०८ जणांच्या नमुन्यांतून जिवंत विषाणूही वाढला नाही.

हे कळायला उशीर झाला त्याची किंमत आमच्या घराने मोजलीय. एप्रिल २०२० मध्ये माझे मामा एका कोविड सेंटरमध्ये ३१ दिवस होते. ताप चारच दिवस. पण तेव्हाचा नियम असा, की २४ तासांच्या अंतराने दोन रिपोर्ट निगेटिव्ह आल्याशिवाय घरी सोडायचं नाही. पहिला निगेटिव्ह यायचा, दुसरा पॉझिटिव्ह. पुन्हा पहिल्यापासून. मामी फोनवर रडायची, तिला वाटायचं आतमध्ये त्यांना परत परत लागण होतेय. तसं काही नव्हतं. तुकडे इतके कमी उरलेले असतात की स्वॅबची काडी जरा खोल गेली तर सापडतात, वरवर फिरवली तर नाही. ८ मे २०२० ला केंद्राने नियम बदलला. सौम्य आजार असेल, लक्षणं सुरू होऊन १० दिवस झाले असतील आणि तीन दिवस ताप नसेल, तर टेस्ट न करता घरी. मामा त्यानंतर दोन दिवसांत सुटले.

सीटीच्या आकड्याला मात्र फार चिकटू नका. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने आयसीएमआरला (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) विचारलं होतं की पॉझिटिव्हची हद्द ३५ वरून २४ वर आणू का. आयसीएमआरने नाही म्हटलं, ३५ च ठेवली, कारण २४ वर आणली तर संसर्ग पसरवू शकणारे कितीतरी जण सुटले असते. शिवाय किट बदललं, स्वॅब नीट घेतला नाही, की त्याच माणसाचा आकडा पाच-सहाने सहज हलतो. मी स्वतः पाहिलंय.

इथवर वाचून तुम्ही सुटकेचा श्वास सोडला असेल तर थांबा. काही माणसांच्या बाबतीत याच्या उलट घडतं. वॉशिंग्टन राज्यातली ७१ वर्षांची एक बाई, तिला रक्ताचा जुनाट कर्करोग होता. कोविडचं एकही लक्षण नाही. पण तिच्या नमुन्यांतून ७० दिवसांपर्यंत जिवंत विषाणू वाढत राहिला, आरएनए तर १०५ दिवस सापडला. लंडनमध्ये एका रुग्णात संसर्ग ५०५ दिवस चालला. नेदरलँड्समधल्या एका ७२ वर्षांच्या गृहस्थात ६१३ दिवस, आणि तेवढ्या काळात विषाणूने त्यांच्या शरीरात स्वतःला पन्नासहून जास्त ठिकाणी बदलून घेतलं. हे उरलेसुरले तुकडे नव्हेत, खराखुरा चालू असलेला संसर्ग आहे.

अशा लोकांत शरीराची प्रतिकारयंत्रणाच, विशेषतः अँटिबॉडी (विषाणूला अडवणारी प्रथिनं) बनवणारी, कमकुवत झालेली असते. कधी आजारामुळे (लिम्फोमा, ल्युकेमिया हे रक्ताचे कर्करोग, किंवा उपचार न झालेला एचआयव्ही), कधी औषधामुळे. रिटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन कर्करोगात देतात, तसंच काही जणांना संधिवातातही देतात, आणि ते अँटिबॉडीसाठी लागणाऱ्या बी पेशी कित्येक महिने साफ करून टाकतं. किडनी किंवा लिव्हर बदललेल्यांच्या गोळ्या, केमोथेरपी, मोठ्या मात्रेतली स्टिरॉइड्स हेही याच यादीत. लोक संधिवाताचं इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा घेतात आणि 'काही औषध चालू आहे का' विचारलं की नाही म्हणतात. म्हणून बाबांना तोंडी विचारू नका, फाईल काढून बघा. नुसता मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर ते या गटात येत नाहीत.

फाईलमध्ये यातलं काही सापडलं तर मी वर लिहिलेलं बाजूला ठेवा आणि ज्या डॉक्टरांनी ते औषध दिलंय त्यांना रिपोर्ट दाखवा. अशा रुग्णाला विलगीकरणातून कधी बाहेर काढायचं हे दिवस मोजून ठरवत नाहीत, पुन्हा पुन्हा टेस्ट करून ठरवतात. तोवर बाळाला लांब ठेवलेलं बरं.

काहीच सापडलं नाही तर पुन्हा आरटीपीसीआर करू नका. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) २०२० मध्येच सांगितलं होतं की बरं झालेल्या माणसाला नवी लक्षणं नसतील तर ९० दिवसांत ही टेस्ट परत करू नये. डोळ्यांच्या डॉक्टरांना पहिला रिपोर्ट आणि लक्षणं सुरू झाल्याची तारीख दाखवा. त्यांना कागद हवाच असेल तर रॅपिड अँटिजेन चालेल का ते विचारा, ती टेस्ट उरलेल्या तुकड्यांवर सहसा पॉझिटिव्ह येत नाही.

कोरडा खोकला अशा आजारानंतर तीन ते आठ आठवडे रेंगाळू शकतो. पण परत ताप आला, धाप लागू लागली, वजन उतरलं किंवा कफ पडायला लागला तर सगळं कोविडच्या खात्यावर टाकू नका, थुंकीची टीबीची तपासणीही करून घ्या. कोविडच्या नादात ती तपासणी राहून गेलेले रुग्ण मी पाहिलेत.

आणि फाईल कोरी निघाली तर बाबांचं ताट उद्यापासून बाकीच्यांबरोबर घासायला टाकायला आईला सांगा.