आधी पांदण, मग खोली

प्रिय पोरी,

काल सांजच्याला तुझे बाबा आमच्या छपरीत येऊन बसले. वेचणीचे भाव, बोंडअळी, सगळं बोलून झालं. चहा झाला. उठून दारापर्यंत गेले आणि तिथूनच म्हणाले, "वैनी, पोरगी म्हणते मुंबईकडे एका घराचं भाडं महिन्याचं 20 हजार. एवढ्यात तर आपल्याकडे एकराचा वर्षाचा मक्ता होते ना हो!" मी हसले, तेही हसले. पण रात्री त्यांना झोप लागली नसणार. म्हणून हे पत्र: नोकरीसाठी तिकडं भाड्याचं घर घेताना काय बघायचं ते. फोनवर तू "हो काकू, हो काकू" म्हणतेस आणि निम्मं विसरतेस. कागद निदान पर्समध्ये राहील.

बँकेच्या नोकरीत मी 32 वर्षं मुंबईत आणि मुंबईच्या आजूबाजूला काढली. पाच भाड्याची घरं बदलली, त्यातली दोन रडत सोडली. तेव्हा जे सांगते ते शहाणपण म्हणून घेऊ नकोस, ठेच म्हणून घे.

तू पाठवलेले तीन घरांचे फोटो पाहिले. फरशी छान आहे, ओटाही छान. एकाही फोटोत स्टेशनापासून घरापर्यंतचा रस्ता नाही. तुझ्या काकांना नाल्याकाठचं चार एकर शेत घ्यायचं होतं तेव्हाची गोष्ट तुला माहीत आहे का? सगळे म्हणत होते, माती काळी, भारी, डोळे मिटून घ्या. हे गृहस्थ ऐन झडीत बंडी घेऊन निघाले. शेताकडे जाणाऱ्या वाटेत, पांदणीत, बंडी अर्ध्या चाकापर्यंत रुतली. चिखलात उभ्यानंच ठरवलं, शेत घ्यायचं नाही. पीक कितीही आलं तरी बाहेर काढणार कुठून? घराचंही तसंच आहे. आधी पांदण बघायची.

तुझी पांदण म्हणजे रात्री 9 नंतरचा रस्ता. शिफ्ट दुपारी 12 ते रात्री 9, ऑफिस ऐरोलीला. ऐरोली येते ट्रान्स-हार्बर लाइनवर: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, मग पुढं वाशीकडे. या लाइनवर कुठंही राहिलीस तर एका गाडीत काम भागतं. लाइनच्या बाहेर गेलीस की गाडी बदलणं आलं, आणि गाडी बदलणं म्हणजे काय ते नकाशात कळत नाही. तुझी दुसरी खोली कळव्याची आहे ना? नकाशावर कळवा ऐरोलीला अगदी चिकटून दिसतं. पण लोकलनं यायचं तर आधी उलटं ठाण्याला जायचं, पूल चढून ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर यायचं आणि दुसरी गाडी धरायची. रिक्षा-बस आहेत, पण त्या रस्त्याची कोंडी हा वेगळा विषय. कळवा वाईट नाही. फक्त नकाशावरची दोन बोटं खरी धरू नकोस.

दिवा आणि डोंबिवलीत भाडं कमी पडतं हे खरं. मीही डोंबिवलीपासूनच सुरुवात केली. पण जून 2025 मध्ये दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान गर्दीच्या लोकलमधून माणसं खाली पडली, काही जीव गेले, ते तू बातम्यांत पाहिलंच असशील. डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत तोच रस्ता आहे. सकाळच्या गर्दीच्या वेळी तुला जायचं नाही, ही तुझ्या शिफ्टची एक चांगली बाजू. पण शिफ्ट बदलते, करार बदलत नाही. भाड्यात वाचवलेले 4 हजार महिनाभर दारात लटकण्याच्या मोलाचे आहेत का, ते तूच ठरव. मला विचारशील तर नाहीत.

मग उरतात ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. इथं एक गोष्ट नीट समजून घे, कारण दलाल सांगणार नाही. नवी मुंबईत 'सेक्टर' आणि 'गावठाण' अशा दोन वस्त्या शेजारी शेजारी असतात. सेक्टर म्हणजे सिडकोनं आखून दिलेले रस्ते आणि भूखंड. सिडको म्हणजे शहर वसवणारी सरकारी कंपनी, 1970 ची. तिनं हे शहर उभं केलं ते आगरी-कोळी लोकांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर. मोबदल्यासाठी मोठं आंदोलन झालं, 1984 मध्ये जासईला गोळीबारात माणसं गेली, आणि पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. धरणात जमीन गेलेल्यांना आपण ओळखतो, म्हणून तुला हे परकं वाटू नये. गावठाणात त्याच आगरी-कोळी लोकांनी पुढं घरांवर मजले चढवले. भाडं कमी, माणसं मोकळी, "कोण येतं, कोण जातं" असं विचारणारी सोसायटी नाही. पण कित्येक इमारतींना पालिकेची परवानगी नाही, गल्ल्या इतक्या अरुंद की बंब आत जाणार नाही, आणि एखाद्या दिवशी भिंतीवर नोटीस लागली की भाडेकरू पहिला बाहेर. माझी एक सहकारी घणसोलीच्या गावठाणात नऊ वर्षं सुखानं राहिली. मालकाच्या आईनं तिला बाळंतपणात तांदळाची पेज करून घातली. म्हणून मी 'जाऊ नकोस' म्हणत नाही. जाशील तर इमारत किती जुनी, जिना किती रुंद आणि बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हे बघून जा.

घर बघायला दिवसा जा, दलालासोबत. मग त्याच दिवशी रात्री साडेनऊला पुन्हा जा, दलालाशिवाय, मैत्रिणीला घेऊन. स्टेशनावर उतर, ज्या दरवाज्यानं रोज बाहेर पडणार त्याच दरवाज्यानं पड आणि चालत घरी ये. दिवे लागलेत का? मेडिकलचं दुकान किंवा पोळीभाजी केंद्र उघडं आहे का? मधे मोकळं मैदान किंवा कारखान्याची लांब भिंत आहे का? ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला कारखाने आहेत, रात्री तिथं चिटपाखरू नसतं. उघडं दुकान ही रस्त्याची सगळ्यात मोठी राखण, सीसीटीव्हीपेक्षा मोठी. किराणावाल्याकडून साबण घे आणि सहज विचार, "या बिल्डिंगला पाणी किती वाजता येतं?" दलाल म्हणेल, "चोवीस तास." किराणावाला खरं सांगेल.

इथून बसून टोकन पाठवू नकोस. एक रुपयाही नाही. फर्निचरसकट घर, भाडं निम्मं, आणि मालक म्हणतो मी फौजेत आहे, बदली झाली, पैसे टाका, किल्ली कुरिअरनं पाठवतो, हा फसवणुकीचा जुना धंदा आहे. पुलगावचा लष्करी डेपो जवळ असल्यानं आपल्याकडे फौजी म्हटलं की माणूस लगेच विश्वास ठेवतो, म्हणून मुद्दाम लिहिते. पहिला महिना पेइंग गेस्ट म्हणून राहा. कॉट मिळाली तरी चालेल. त्या महिन्यात पाय शहराला सरावतात आणि खोली शोधायची घाई राहत नाही. दलाल घाईवरच जगतो. त्याची दलाली बहुतेक एका महिन्याच्या भाड्याइतकी असते. ती करार झाल्यावर द्यायची, घर दाखवल्यावर नाही.

आता कागद. आपल्याकडे मक्ता पाडव्याला दोन माणसांसमोर तोंडी ठरतो आणि चालतोही. तिथं तसं करू नकोस. तुझा करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा असेल, बहुतेक 11 महिन्यांचा. लोक सांगतील, 11 महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला, नोटरी पुरे. खोटं आहे ते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे मालकाला भांडणाच्या सुरात ऐकवू नकोस. "काका, नोंदणी तुमच्याच फायद्याची," असं म्हण. लवकर कबूल होतात.

खर्चही फार नाही. समज भाडं 20 हजार, डिपॉझिट 60 हजार. 11 महिन्यांचं भाडं 2 लाख 20 हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज साडेपाच हजार, आणि या बेरजेवर मुद्रांक शुल्क पाव टक्का: साधारण 564 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1 हजार. बाकी जे एजंट मागेल त्यात बहुतेक त्याची घरी यायची मजुरी. तो अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, आधारवर काम होतं. एवढ्याशा रकमेसाठी लोक 60 हजार अधांतरी ठेवतात.

मीही ठेवले होते. 1990, डोंबिवली, माझी पहिली खोली. डिपॉझिट 8 हजार, रोख. मालकीणबाई माझ्या आईच्या वयाच्या, पहिल्याच दिवशी पोहे खाऊ घातले. पावती मागायची मला लाज वाटली. दिवसभर बँकेत लोकांच्या पावत्यांवर शिक्के मारणारी मी! 14 महिन्यांनी खोली सोडली तेव्हा रंगाचे इतके, मोरीच्या फरशीचे तितके, असं करत हातात अडीच हजार पडले. फरशी मी यायच्या आधीपासून फुटकी होती, पण दाखवणार काय? पोहे मात्र चांगले होते.

म्हणून डिपॉझिट बँकेतून जाऊ दे आणि त्याचा आकडा करारात असू दे. किल्ली घेतल्या दिवशी, सामान आत नेण्याआधी, प्रत्येक भिंतीचा, नळाचा, मीटरच्या आकड्याचा व्हिडिओ काढ आणि तेव्हाच मालकाला व्हॉट्सॲपवर टाक. वीज ऐरोलीतही महावितरणचीच, तुमच्या शेतातल्या पंपासारखी. ग्राहक क्रमांक मागून थकबाकी बघून घे. मालक खरा मालक आहे का, तेही बघ: सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट किंवा नोंदणी कार्यालयातली सूची-2. शेत घेताना सातबारा बघतो ना, तसंच.

ओल हा मोठा विषय आहे आणि तुला त्याची कल्पना नाही, कारण तू कोरड्या हवेतली. मुंबईचा पाऊस नैर्ऋत्येकडून वाऱ्यासकट येतो, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती चार महिने भिजतात. एप्रिल-मे मध्ये घर दाखवलं आणि रंग नुकता दिलेला दिसला, तर खुश होऊ नकोस. कपाट पुढं ओढून मागची भिंत बघ, खिडकीखालचा कोपरा हातानं चाचप. तळमजला घेऊ नकोस. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलीमीटर पाऊस झाला. आपल्याकडे अख्ख्या पावसाळ्यात पडतो जवळपास तेवढा. मी त्या रात्री बँकेतच टेबलावर झोपले. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीची तूरडाळ, गाद्या, मुलांची दप्तरं, सगळं गेलं. आईनं दिलेली डाळ आणि सांडगे थोडे थोडे ने. पोतंभर नेशील तर ऑगस्टात बुरशी खाईल.

एक गोष्ट तुझ्या बाबांसमोर बोलले नाही. दलाल आडनाव विचारेल. मग गाव, मग "जेवणात काय चालतं?" काही ठिकाणी आडनाव ऐकून फोन एकदम गप्प होतो आणि दुसऱ्या दिवशी घर 'गेलेलं' असतं. तेच घर पुढच्या आठवड्यात पुन्हा जाहिरातीत दिसतं. एकट्या मुलीला नको, बॅचलर नको, हे तर राजरोस सांगतात. तुझ्यात काही कमी आहे म्हणून हे होत नाही, एवढं लक्षात ठेव. आडनाव बदलून सांगू नकोस. करारावर आधार लागतंच, आणि खोट्यावर घेतलेल्या घरात नीट झोप येत नाही. "ही अट सोसायटीची असेल तर लेखी दाखवा," असं शांतपणे म्हण. बहुतेक वेळा लेखी काही नसतं. पुढं भांडायचं की दुसरं घर बघायचं, ते त्या दिवशीच्या अंगातल्या जोरावर ठरव. मी दोन्ही केलं आहे.

सोसायटी 'नॉन-ऑक्युपन्सी'च्या, म्हणजे मालक स्वतः राहत नाही या नावानं काही मागेल तर ते मालकाचं देणं, तुझं नव्हे; त्यालाही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे. आणि सोबत राहणारी मैत्रीण असेल तर करारावर दोघींची नावं हवीत. एकीच्या नावावर घर असलं की भांडणात दुसरीचं सामान जिन्यात येतं.

तुझ्या बाबांना मी सांगितलं आहे, भाड्याची मक्त्याशी तुलना करू नका. ते मान हलवून गेले, पण उद्या पुन्हा येतील. तू रविवारी बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसनं निघते आहेस ना? ठाण्याला उतर, मुंबईपर्यंत जाऊ नकोस. उतरल्यावर फोन कर, मग रात्री साडेनऊला ऐरोलीच्या स्टेशनावरून पुन्हा कर. मी जागी असते. चालत चालत बोलू, मलाही तो रस्ता ऐकू दे.

तुझी,
मुंबईवाली काकू

ता. क. कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी फोटो पाठव. चष्मा नवा केला आहे, बारीक अक्षरं वाचता येतात.