मुलाच्या आइस हॉकीसाठी घरावर कर्ज काढायचं का?

कॅनडातल्या मिसिसॉगाहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा १४ वर्षांचा, येत्या नोव्हेंबरात १५ पूर्ण होतील. ट्रिपल-ए, म्हणजे त्या वयातल्या सगळ्यात वरच्या पातळीच्या संघात डिफेन्सला खेळतो. दुसऱ्या प्रांतातल्या एका निवासी हॉकी अकादमीने त्याला जागा देऊ केली आहे: वर्षाला ५५,००० डॉलर, दोन वर्षं. मिस्टरांचं म्हणणं, घर तारण ठेवून हेलॉक (लागेल तसं उचलायचं, बदलत्या दराचं कर्ज) घेऊ, नाहीतर नाशिकचा फ्लॅट विकू. दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिना ९,८०० डॉलर, घराचा हप्ता ३,१५०, आणि पुढच्या वर्षी मॉर्गेजचं रिन्युअल, म्हणजे गृहकर्जाचा दर नव्याने ठरणार. शेवटी ताई लिहितात, ‘पोरगा खरंच चांगला खेळतो हो. उद्या आई-बाबांनी हात आखडता घेतला असं त्याला वाटायला नको.’

ताई, आधी फ्लॅटचं. त्यात सासूबाई राहतात, हे तुम्हीच चौथ्या ओळीत लिहिलंय. तो पर्याय मी तिथेच खोडला.

आता कर्ज. १ लाख १० हजार डॉलर, दर साडेपाच टक्के धरू. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला १,१९० च्या आसपास जातील. बँक म्हणेल, एवढे कशाला, नुसतं व्याज भरा, महिना ५०० च्या आसपास भागेल. भागतं खरं, पण मुद्दल जागचं हलत नाही आणि दर बदलता असतो. मिस्टर याला ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणतात. कॅनडाचं करखातं मात्र म्हणत नाही. उत्पन्न देणाऱ्या गुंतवणुकीसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज करातून वजा होतं, पोराच्या अकादमीसाठी काढलेल्याचं होत नाही. हॉकी हा खर्च आहे. खर्च म्हणून करायला माझी काडीचीही हरकत नाही. पहाटे साडेपाचला रिंकच्या थंडगार बाकावर थर्मासमधला चहा पीत मीही बसलोय, गाडीच्या डिकीतून ओल्या पॅडांचा तो वास मे महिन्यापर्यंत जात नाही हेही मला माहीत आहे. त्यातला आनंद हिशेबात धरायचा नसतो. पण मग त्याचा परतावाही धरायचा नाही.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या खेळात आई-बापांचा खिसा सगळ्यात जास्त आत्ताच, १३ ते १६ च्या वयात रिकामा होतो. पुढे मुलगा खरोखर वरच्या पट्टीचा निघाला तर खर्च उलट कमी होतो. येणारा हंगाम त्याचा अंडर-१६ चा, त्यानंतरच्या वसंतात ओएचएलचा (ओंटारियो हॉकी लीग, मोठ्या मुलांची ज्युनियर लीग) ड्राफ्ट, म्हणजे संघ पाळीपाळीने मुलं निवडतात तो. तिथे निवड होऊन संघात जागा मिळाली, की राहणं बिलेट कुटुंबाकडे (खेळाडूला घरी ठेवून घेणारं तिथलं कुटुंब), आणि ते, काठ्या, प्रवास सगळं संघाकडून. शिवाय खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एक वर्षाची कॉलेज फी, अर्थात करारातल्या अटी नीट वाचून. ओएचएलला गेला की अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद, ही जुनी भीतीही आता नको. ऑगस्ट २०२५ पासून एनसीएएने, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांच्या संघटनेने, तो नियम बदललाय.

म्हणजे पोरगा तेवढा चांगला असेल तर दीड वर्षात दुसरं कोणी पैसे भरायला लागेल. आणि नसेल तर अकादमीच्या दोन वर्षांनी तो तसा होईल, याची हमी अकादमीही लेखी देत नाही. आता दुसऱ्या बाजूने बघा. ओएचएलचे स्काउट कुठे बसलेले असतात? तुमच्याच जीटीएचएलच्या (टोरांटो परिसरातल्या मुलांच्या लीगच्या) रिंकवर, हातात कॉफी घेऊन. माल दुकानाच्या काचेत लागलेला असताना तो उचलून दुसऱ्या प्रांतात न्यायला १ लाख १० हजार?

पुढचा जिनाही अरुंद आहे. ओएचएलच्या ड्राफ्टमध्ये जवळपास ३०० मुलं घेतात. एनएचएलचा, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट सात फेऱ्यांचा, ३२ संघ, म्हणजे अख्ख्या जगातून २२४. त्यातलेही सगळे एनएचएलमध्ये खेळत नाहीत. टीव्हीवर दिसतो तो वरचा मजला: २०२५-२६ मध्ये तिथला किमान पगार ७ लाख ७५ हजार अमेरिकन डॉलर. दोन मजले खाली ईसीएचएल या व्यावसायिक लीगमध्ये पगार आठवड्यावर आणि हंगामापुरताच. मिसिसॉगाच्याच मॅनी मल्होत्राला १९९८ मध्ये सातव्या क्रमांकावर उचललं होतं, ९९१ सामने खेळला. त्याच्याही डोळ्यावर मार्च २०११ मध्ये पक बसला आणि दृष्टी गेली ती पुरती परत आली नाही.

आणि उलटं उदाहरण, तुमच्या मिस्टरांना वाचून दाखवा. जॅक जॉन्सन, एनएचएलचा डिफेन्समन. १८ दशलक्ष डॉलरहून जास्त कमावून २०१४ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जात मालमत्ता ५०,००० च्या आत, कर्ज १० दशलक्षांच्या वर. घरच्यांनीच त्याच्या येणाऱ्या पगाराच्या भरवशावर ती कर्जं उचलली होती. तुमचा आकडा लहान आहे, जात तीच. चौदा वर्षांच्या पोराला हेलॉक शब्द कळत नसेल, पण जेवणाच्या टेबलावर हप्त्याची चर्चा कळते, आणि ती तो बर्फावर घेऊन उतरतो.

मग काय करायचं? यंदा हॉकीवर १६,००० गेले म्हणता. पुढच्या हंगामाला १८,००० ची मर्यादा घाला, पगारातूनच, काठ्या धरून. उन्हाळ्यात चांगल्या स्केटिंग कोचकडे पाठवा, तेही त्यातच.

दुसरं, आरईएसपी, म्हणजे मुलाच्या शिक्षणासाठीचं, सरकारी अनुदान मिळणारं बचत खातं. आतापर्यंत १४,००० भरलेत आणि दोन वर्षांपासून थांबलात, हे मात्र मला आवडलं नाही. यंदा आणि पुढची दोन वर्षं दर वर्षी ५,००० भरलेत तर सरकार दर वर्षी १,००० घालेल. तो १७ चा होईल त्या वर्षाचा डिसेंबर संपला की ते कायमचं गेलं. हॉकी सुटली तरी हे पैसे कॉलेजला उपयोगी, आणि हॉकीच अमेरिकन कॉलेजला घेऊन गेली तर तिथेही चालतात.

अकादमीच्या अनामतीची मुदत १५ तारखेला संपतेय. भरू नका. मिस्टर अडूनच बसले तर भरण्याआधी एकच प्रश्न मेलवर विचारायला सांगा: नोव्हेंबरात पोराचं कॉलरबोन मोडलं तर उरलेल्या फीचं काय? उत्तर आलं की मला पाठवा.