आईला शेगडीजवळ जाऊ द्यायचं का?

दृष्टी गेलेल्या माणसाच्या घरचे लोक माझ्याकडे येतात, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न हमखास येतो. "स्वयंपाकघरात जाऊ द्यायचं का? भाजलं, कापलं तर?" विचारणारा प्रेमापोटी आणि धास्तीपोटी विचारत असतो. त्याला नुसतं "काही होत नाही" म्हणून भागत नाही. म्हणून एका आई-मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

ताई साठीच्या पुढच्या. काचबिंदूने नजर कडेकडेने कमी होत गेली होती आणि आता फक्त उजेड-अंधार तेवढा कळायचा. पहिल्या भेटीत मुलगीच बोलत होती. "आईला आम्ही काही करू देत नाही. पाण्याचा ग्लाससुद्धा हातात देतो." ताई गप्प बसून पर्सचा पट्टा बोटांभोवती गुंडाळत होत्या, पुन्हा सोडत होत्या.

मुलीला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि ताईंना विचारलं, कशाची सगळ्यात जास्त आठवण येते? मला वाटलं, वाचन म्हणतील, नातवंडांचे चेहरे म्हणतील. त्या म्हणाल्या, "रात्री भूक लागते कधी कधी. पण मागावं लागतं ना. मग मी झोपून जाते."

ज्या बाईने आयुष्यभर घराला जेवू घातलं, तिला स्वतःच्या घरात भूक लपवावी लागत होती. मुलीला याची कल्पनाच नव्हती.

मुलीच्या भीतीला दोन कारणं होती. पहिलं म्हणजे दोन वर्षांपूर्वी पातेल्यावरचं झाकण उचलताना ताईंचं मनगट वाफेने भाजलं होतं. त्या दिवसापासून स्वयंपाकघर बंद. दुसरं कारण तिने डोळे पुसत सांगितलं. एका रात्री तिने स्वतःच्या डोळ्यांवर ओढणी बांधून दूध तापवून पाहिलं होतं. दूध सांडलं, बोट पोळलं. "मला पाच मिनिटं जमलं नाही. आईला जन्मभर कसं जमेल?"

हा प्रयोग बरेच नातेवाईक करतात, आणि त्यातून जवळजवळ सगळेच चुकीचा निष्कर्ष काढतात. डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कळतो तो फक्त हरवल्याचा धक्का. शिकल्यानंतर काय होतं, ते त्यात कळतच नाही. पोहता न येणाऱ्याने पाण्यात पडून "पोहणं अशक्य आहे" म्हणावं, तसं ते आहे. मी हे सांगितल्यावर मुलगी बराच वेळ काही बोलली नाही.

मग आम्ही ते भाजणं सावकाश उलगडलं. झाकण कुठून उचललं होतं? ताईंनी हवेत हात करून दाखवलं. आपल्या बाजूची कड आधी वर, म्हणजे सगळी वाफ थेट मनगटावर. पलीकडची कड आधी उचलली की झाकणच ढाल होतं आणि वाफ समोर निघून जाते. ही चूक डोळस माणसंही रोज करतात. "म्हणजे हे डोळ्यांमुळे नाही झालं?" ताईंनी दोनदा विचारलं. दोन वर्षं त्या स्वतःलाच दोष देत होत्या.

पुढचं तंत्र शिकवायला माझ्या एक सहकारी होत्या. त्या स्वतः जन्मापासून अंध, आणि अनेक वर्षं हेच शिकवतात. पहिले दोन दिवस त्यांनी आग पेटवूच दिली नाही. कामाची सुरुवात जागा ठरवण्यापासून झाली. प्रत्येक वस्तूची एकच जागा, आणि हा नियम घरातल्या सगळ्यांना. कपाटाचं दार आणि ड्रॉवर उघडा ठेवायचा नाही. मुलीला ड्रॉवर अर्धा उघडा टाकायची सवय होती आणि ताईंच्या मांडीवर त्याची निळी खूण होती. मिठाच्या बरणीला एक रबरबँड, साखरेच्या बरणीला दोन. ब्रेल येत असेल तर लेबलं लावावीत, पण उतारवयात दृष्टी गेलेल्या अनेकांना ती लिपी येत नसते. त्यासाठी स्वयंपाक अडवून ठेवायचं कारण नाही.

सगळं काम कड असलेल्या मोठ्या ट्रेमध्ये. सांडलं तरी ट्रेमध्येच राहतं, आणि सांडण्याची भीती निम्मी होते. गार पाणी ओतताना ग्लासच्या काठावरून बोटाचं टोक आत सोडायचं. गरम पाण्याला अर्थातच बोट नाही. तिथे भांड्याचं वाढतं वजन आणि ओतण्याचा चढत जाणारा आवाज. काठाला अडकवायचं, पातळी वर आली की बीप देणारं छोटं उपकरणही मिळतं. चमच्याने तेल मोजायचं तर बाटलीतून चमच्यात ओतत बसायचं नाही. तेल रुंद तोंडाच्या बरणीत काढून ठेवायचं, मापाच्या चमच्याचा दांडा काटकोनात वाकवायचा आणि पळीसारखा बुडवून बाहेर काढायचा. टेबलस्पून 15 मिली, टीस्पून 5 मिली, पीठ असेल तर सुरीच्या पाठीने सपाट.

सुरी धारदारच हवी. बोथट सुरी घसरते. धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवायची, अंगठा त्यांच्या मागे, आणि सुरीचं पातं बोटांच्या पेरांना टेकून सरकवायचं. काम झालं की सुरी नेहमी बोर्डच्या पलीकडे, धार आपल्यापासून दूर. साबणाच्या पाण्यात सुरी सोडायची नाही, कधीच नाही.

तिसऱ्या दिवशी शेगडी. मुलीला मी मागे खुर्चीत बसवलं आणि एक करार केला. खरा धोका दिसला तर "थांब" एवढाच शब्द. बाकी हुं की चूं नाही.

पॅन गार, बर्नर गार. ताईंनी दोन्ही हातांनी चाचपून पॅन मधोमध बसवला, दांडा बाजूला वळवला, मगच पेटवलं. गरम झालेला पॅन हाताने शोधायचा नसतो. लांब लाकडी उलथन्याने टकटक करून त्याची कड शोधायची. तेल तापलं का हे पाहायला कांद्याचा एक तुकडा टाकला. काहीच आवाज नाही. थोड्या वेळाने दुसरा टाकला आणि तो लगेच चुरचुरला. मग सगळा कांदा पडला.

"आता बोलू नका, ऐका," सहकारी म्हणाल्या. आधी ओला, भरलेला आवाज होता. कांद्यातलं पाणी उडत होतं. काही मिनिटांनी तो बारीक होत गेला, कोरडा झाला. डोळ्यांना झोंबणारा वास मागे पडला आणि गोडसर वास आला. उलथन्याखाली कडक सरकणारे तुकडे आता मऊ पडून एकमेकांना चिकटत होते. ताईंनी मान किंचित तिरकी केली आणि शेगडी बंद केली. मुलगी उठून पाहायला आली. कांदा अगदी हवा तसा परतला होता. ती काही म्हणाली नाही. करारच होता तसा.

घरी गेल्यावर या दोघींनी केलेलं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ताईंच्या जुन्या वहीतल्या पाककृती मुलगी वाचायची आणि जिथे डोळ्यांचा शब्द येईल तिथे दोघी थांबायच्या. "सोनेरी होईपर्यंत" म्हणजे वास कोणता? आवाज कसा? किती मिनिटं? ठरलं की ताई ते फोनमध्ये बोलून ठेवायच्या. मुलगी मला म्हणाली, "आईला इतकं काय काय येतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं."

केक मात्र पहिल्यांदा फसला. तयारी सगळी नीट होती. ओव्हनच्या बटणावर 180 अंशांपाशी उठावदार ठिपका चिकटवला होता. जाळी ओव्हन गार असतानाच योग्य खणात बसवली होती. कोपरापर्यंतचे हातमोजे होते. दार पूर्ण खाली उघडायचं, आत हात घालून टिन उचलायचा नाही, जाळीच बाहेर ओढायची, हेही पाठ होतं. पण काळजीपोटी त्यांनी दार लवकर उघडलं आणि केक मध्ये बसला. टिन गार झाल्यावर त्यांनी बोट फिरवलं. "खळगा पडलाय. घाई केली मी." हे त्यांनी स्वतः शोधून काढलं, याचा मला फार आनंद झाला. पुढच्या वेळी टायमर वाजेपर्यंत हात मागे. मग मध्यभागी टूथपिक खुपसून, थोडी निवू देऊन, ती दोन बोटांत फिरवून पाहिली. चिकट नाही, कोरडी. वरून हलकं दाबल्यावर केक स्पंजसारखा परत वर आला.

अमेरिकेतल्या क्रिस्टीन हा यांनी दृष्टी गेल्यानंतर 2012 साली मास्टरशेफ ही पाककलेची मोठी स्पर्धा जिंकली. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण हे उदाहरण मी पहिल्या भेटीत देत नाही. समोरच्या माणसाला स्पर्धा जिंकायची नसते, त्याला रात्री अकरा वाजता स्वतःच्या हाताने काहीतरी खायचं असतं. आणि ज्याला आधीही स्वयंपाक आवडत नव्हता, त्याच्यावर तो लादायचंही काही कारण नाही.

"जाऊ द्या" हे उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. मधुमेहाने दृष्टी गेली असेल तर बोटांची संवेदनाही कमी झालेली असू शकते आणि मग चटका वेळेवर कळत नाही. आधी डॉक्टरांकडून ते तपासून घ्यावं. विस्मरणाचा त्रास असेल तर कोणीतरी जवळ हवंच. आणि दृष्टी गेल्याचं दुःख वेगळं असतं, ते केक करून जात नाही. ताईंशी त्याबद्दल मी वेगळी बोलत होते, अजूनही बोलते.

मध्यंतरी मुलगी एकटी भेटायला आली. आदल्या आठवड्यात मध्यरात्री तिला वासाने जाग आली होती. स्वयंपाकघरात पूर्ण अंधार आणि तेलाची चुरचुर. ताईंनी अंडं वाटीत फोडून, कवच राहिलं नाही ना हे बोटाने पाहून, पॅनमध्ये सोडलं होतं. "दिव्याकडे माझा हात गेला होता," ती म्हणाली, "पण मी लावलाच नाही. दारातूनच विचारलं, मला देशील एक? चमचा घ्यायला चाचपडत गेले, तर आई म्हणते, 'घे. आणि ड्रॉवर बंद कर.'"