पिशवीतले चेंडू: ९/२५ की ३/१०?

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. नेमक्या याच गणितापायी आमच्या घरात बराच काळ धुसफूस चालली होती. पिशवीत ३ लाल आणि २ निळे चेंडू, त्यातून दोन काढले, दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती? तुमच्या मुलीने ३/१० लिहिलं, उत्तरसूचीत ९/२५ आहे आणि शिक्षक सूचीच्या बाजूने. संभाव्यता म्हणजे काय, गुणाकार कधी करतात वगैरे लिहीत बसत नाही, तिला ते येतंय हे दिसतंच आहे.

मुलगी बरोबर आहे. निदान चूक तरी नक्कीच नाही. पहिला चेंडू परत टाकला असेल तर ३/५ × ३/५ म्हणजे ९/२५. टाकला नसेल तर पिशवीत ४ उरले, त्यात लाल २, म्हणून ३/५ × २/४ म्हणजे ३/१०. प्रश्नात यातलं काहीच सांगितलेलं नाही, म्हणजे प्रश्नच अर्धवट. त्यातही 'दोन काढले' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दोन्ही चेंडू हातात असतात, त्यामुळे माझं मत ३/१० लाच.

आता माझी भडास. आमच्या मुलाच्या वेळी प्रश्न एका परीक्षेतला होता. कोणती ते लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. कार्यालयाला सविस्तर पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. पाठपुरावा केल्यावर 'उत्तरसूची अंतिम आहे' असं एक छापील वाक्य आलं. फोनवरच्या साहेबांनी तर मलाच गुणाकाराचा नियम पुन्हा वाचायला सांगितला! गुण गेले त्याचं काही नाही. पण मुलाने त्यातून भलताच बोध घेतला: पहिला अपूर्णांक पुन्हा लिहायचा आणि गुणून मोकळं व्हायचं. ही सवय मोडताना नाकी नऊ आले. म्हणून सांगतो, हरकत जरूर नोंदवा, पण दोन ओळींत: 'चेंडू परत ठेवला की नाही याचा उल्लेख नाही, दोन उत्तरं संभवतात.' त्यापुढे शक्ती घालवू नका.

घरी काय करायचं? (मी शिक्षक नाही, आमच्याकडे चाललं तेवढंच सांगतोय.) 'स्वतंत्र घटना', 'अवलंबी घटना' हे शब्द काही दिवस बाजूला ठेवा. एकच प्रश्न विचारा: दुसऱ्यांदा हात घालताना पिशवी पहिल्यासारखीच आहे का? खरी पिशवी घ्या, पण त्यात ३ लाल २ निळे घालू नका. ३६ टक्के आणि ३० टक्के यांतला फरक थोड्याशा खेळात कळतच नाही, मूल म्हणेल दोन्ही सारखंच. १ लाल आणि १ निळं बटण घाला. परत टाकलं तर दोन्ही वेळा लाल येण्याची संभाव्यता १/४, न टाकता शून्य. फरक असा डोळ्यांत भरला पाहिजे. मग उलट टोकाला जा आणि ३०० लाल, २०० निळे कल्पून कागदावर करा: परत टाकून ०.३६००, न टाकता सुमारे ०.३५९५. मोठ्या पिशवीतून एक गेल्याने फारसं बिघडत नाही हे तिला तिथे आपोआप दिसेल.

एक जागा फसवी आहे. पहिला चेंडू न बघता खिशात टाकला, तर दुसरा लाल असण्याची संभाव्यता किती? मुलं हमखास २/४ म्हणतात, मोठेही म्हणतात. दोन्ही वाटा (खिशात लाल गेला किंवा निळा गेला) धरून बेरीज करा: ३/५ × २/४ अधिक २/५ × ३/४, उत्तर ३/५. पिशवी बदलली खरी, पण कशी बदलली ते आपल्याला माहीत नाही. हे गणित सोडून पुढे जाऊ नका, सगळी गोम इथेच आहे.

नाण्याचं मात्र उलट. त्याला आधीचं काही आठवत नाही. रूलेटचंही, म्हणजे जुगारातल्या लाल-काळ्या आकड्यांच्या फिरत्या चाकाचंही, तसंच. माँटे कार्लोच्या जुगारघरात ऑगस्ट १९१३ मध्ये रूलेटवर सलग २६ वेळा काळा आकडा आला, आणि 'आता तरी लाल येणारच' म्हणत लोकांनी भरमसाट पैसे घालवले.

परीक्षेपुरतं: लेखी उत्तरात पहिल्याच ओळीत 'चेंडू परत ठेवला नाही असे मानून' लिहायला लावा. 'एकाच वेळी दोन काढले' असेल तर परत न ठेवल्याचंच गणित करायचं. पर्यायी प्रश्नात दोन्हींपैकी एकच उत्तर दिलेलं असेल तर मुकाट्याने ते निवडायचं. दोन्ही दिलेली असतील तर मी न ठेवल्याचं धरेन, पण हा माझा अंदाज आहे, गुण गेले तर मला बोल लावू नका.